तेल बदला, सर

वऱ्हाडातून परत आल्यापासून सोसायटीतले लोक विचारतात, काय पाहिलं? मी 'संत्र्याच्या बागा' असं सांगून सुटका करून घेतो. बागा पाहिल्या हे खोटं नाही. पण त्या पाच दिवसांतलं खरं काय ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. ज्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे आणि तिकडे एकदा जाऊन यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रस्त्याची आणि खाण्यापिण्याची माहिती यात मिळेल. बाकीचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी निवृत्त प्राध्यापक. पुण्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. माझी गाडी माझ्याहून थोडीच लहान आहे. स्टिअरिंगखाली गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय जागं न होणारं इंजिन. नोकरीला लागल्यावर जुनी म्हणून घेतली, ती आजतागायत विकली नाही. बायको तिला सवत म्हणते. त्यात थोडं तथ्य आहे.

अमरावतीच्या एका हौशी मंडळाने जुन्या गाड्यांची फेरी काढायची ठरवली होती. अमरावती ते अकोला, मूर्तिजापुरात चहा, अकोल्यात सत्कार. मंडळाचे प्रमुख नानासाहेब हे वरूडचे संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या स्वतःच्याच सात जुन्या गाड्या आहेत. त्यांनी फोन करून 'तुमच्यासारखा जाणकार मानूस पाह्यजेच' असं म्हटलं आणि मी विरघळलो. गाडी ट्रकवर चढवून पाठवली, मी रेल्वेने गेलो.

अमरावती

गाडी उतरवली ती गवई मिस्त्रींच्या गॅरेजसमोर. बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला, कडुनिंबाखाली पत्र्याची शेड. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नट खोलायचे पाने मापाप्रमाणे खिळ्यांना टांगलेले. माणूस साठीच्या आतबाहेरचा, बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. फेरीतल्या परगावच्या गाड्या तपासायचं काम मंडळाने त्यांच्यावर सोपवलं होतं.

पुण्यात माझा मेकॅनिक आधी वेळ घ्यायला लावतो, मग ती वेळ पाळत नाही. गवईंनी गाडीकडे पाहण्याआधी मला विचारलं, 'जेवले का, सर?' मी हो म्हटलं तरी त्यांनी कोपऱ्यावरून गिलावडा मागवला. दह्यात भिजलेला तो वडा पळसाच्या द्रोणात आला, वरून लाल तिखट. माझ्या डोळ्यांतून पाणी काढूनच तो संपला. गवई म्हणाले, 'पुन्याच्या मानसाले हे तिखटच लागते. सवय होईन.'

खाता खाता त्यांनी आपलं सांगितलं. नानासाहेबांच्या सात गाड्या आतापर्यंत चार ठिकाणी दुरुस्तीला जात. आता त्या कायमच्या एकाच माणसाकडे द्यायच्या होत्या, आणि नाव अकोल्यात, फेरी संपल्यावर जाहीर होणार होतं. लोक गवईंचंच नाव घेत होते.

'आता कार्बोरेटर राह्यलाच कुठं, सर? मोटरसायकली शोरूमात जातेत. कारमंदी समदं कंप्युटर. मले जे येते ते कोनाच्या कामाचं नाई राह्यलं. ह्या सात गाड्या भेटल्या का माही हात थकेपर्यंतची सोय झाली.'

त्यांच्या पत्नी, शोभाताई, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'अकोल्यासाठी नवा सदरा शिवून घेतला यायनं. लग्नात बी नव्हता शिवला.' गवई लाजले.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. टाकीतून येणारी पेट्रोलची रबरी नळी त्यांनी सर्वात आधी बदलली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं, ते जुनं रबर खाऊन टाकतं. माझ्याकडून पुण्यात ती बदलायची राहून गेली होती. प्लग काढून साफ केले, इंजिन चालू करून एक कान बंद केला आणि दुसऱ्या कानाने मिनिटभर ऐकत राहिले.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, 'सकाळी मी महागातलं पेट्रोल टाकणार आहे. जास्त ऑक्टेनचं. तुम्ही टायमिंग जरा पुढे घेऊन ठेवा, ठिणगी लवकर पडली की गाडी उडेल.'

'काहून?'

मी सांगितलं. ऑक्टेन म्हणजे काय, आकडा कसा ठरतो, जास्त आकड्याचं पेट्रोल जास्त दाब सहन करतं आणि अवेळी पेटत नाही, वगैरे. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं सगळं त्या कडुनिंबाखाली पुन्हा बोललो. तेच व्याख्यान देताना मी मुलांना दरवर्षी हेही बजावत असे की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ज्या इंजिनात दाबच कमी, त्याला मोठा आकडा देऊन काही साधत नाही. ते वाक्य त्या दिवशी मी गाळलं. पंपावर मोठा आकडा दिसला की शिकवणारा माणूसही भुलतो.

गवईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हशीले बदाम चारले म्हून दूध बदामाचं होते का, सर? हे इंजिन साध्याचं आहे. त्याले पचते तेवढंच द्या. टायमिंग आहे तेच बराबर आहे.'

शेडमधली चार माणसं हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. जो माणूस ऑक्टेन हा शब्दही 'आक्टीन' असा म्हणतो, त्याने मला चारचौघांत बदाम शिकवावेत! मी इंजिनात खुपसून ठेवलेली ऑइलची पट्टी उगाचच बाहेर काढली आणि पुसत उभा राहिलो.

गवई हात पुसत म्हणाले, 'बाकी गाडी मस्त आहे. पावसाळाभर उभी व्हती का?'

'जूनपासून उभीच होती.'

'मंग एक काम करा. सकाळी निंगाच्या आधी तेल बदला.'

'ते पुण्यात बदललंय,' मी पट्टी दाखवत तुटकपणे म्हटलं. 'मागच्याच आठवड्यात.'

'पुरं?'

'थेंबन्‌थेंब.'

'मंग झालं,' म्हणून त्यांनी बॉनेट लावलं. टाकीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. प्राध्यापकाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी झाकण उघडून पाहिलं नाही.

रस्ता

सकाळी टाकीत दहा लिटर महागातलं पेट्रोल ओतून मी मैदानावर पोहोचलो. वीसेक गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांना फुलांच्या माळा, सगळ्यांच्या काचा पुसलेल्या. नानासाहेब आपल्या काळ्या लांबलचक गाडीत मागे बसले होते. ज्यांना गाडीचा नाद असतो ते पुढे बसतात, हे माझ्या मनात आलं. पण मी ते बोललो नाही.

बडनेरा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे नजर जाते ती जातेच. कापूस फुटलेला होता, बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. तूर पिवळी झाली होती. गाडी इतकी सुरेख चालली होती की मी एकटाच मोठ्याने गाणं म्हणत होतो. ती चाल गवईंच्या हाताची होती. मी मनात श्रेय दिलं ते दहा लिटरांना.

मूर्तिजापुरात अर्धा तास थांबलो. मिरचीची भजी, चहा, फोटो. तिथून निघून चारेक मैल गेलो नसेन तर गाडीने आचका दिला. मग दुसरा. मग खोकली, थरथरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन निपचित पडली. चोक ओढला, स्टार्टर मारला, काही नाही.

माझ्यामागच्या गाड्या एकेक करून हॉर्न वाजवत पुढे गेल्या. लोक हात हलवत होते. पुण्याचे जाणकार रस्त्यावर बसले आहेत हे सगळ्यांनी नीट पाहून घेतलं. शेतातून दोन बायका बांधापर्यंत आल्या. त्यातल्या एकीने ओंजळभर तुरीच्या शेंगा माझ्या बॉनेटवर ठेवल्या. 'खा, बाबाजी. गाडी का, आज ना उद्या चालनच.' मी तिला धन्यवादही दिले नाहीत.

एवढ्यात नानासाहेबांची गाडी मागे वळून आली. काच खाली झाली.

'काय झालं, सर?'

मला खरंच माहीत नव्हतं काय झालं. 'माहीत नाही' हे दोन शब्द उत्तर म्हणून पुरेसे होते. पण मागच्या सगळ्या गाड्या मला ओलांडून गेल्या होत्या, अंगाची आग झाली होती आणि कानात म्हशीचे बदाम होते. मी म्हटलं, 'तुमच्या मिस्त्रींनी हात लावेपर्यंत ही गाडी कधी अडली नव्हती.'

नानासाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. 'बरं झालं सांगतलं, सर. मले वाटूनच राह्यलं होतं.'

काच वर गेली. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं हे खरं आहे.

अकोला

एका ट्रॅक्टरने दोर बांधून मला अकोल्यात ओढत नेलं. लॉजच्या आवारात गाडी सोडून मी सत्काराला गेलो. सभागृह भरलं होतं. मला स्टेजवर बसवलं, शाल-नारळ दिला. गवई शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. अंगात आकाशी रंगाचा नवा सदरा, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. मला पाहून त्यांनी दुरून हात केला आणि खुणेने विचारलं, गाडी?

मी दुसरीकडे पाहिलं.

नानासाहेब बोलायला उठले. आपली परंपरा, आपला वारसा असं बरंच बोलून झाल्यावर ते सात गाड्यांवर आले. 'मी गावातल्याच मानसाले काम देनार होतो. पन आज पुन्याच्या प्रोफेसर साहेबाइची गाडी रस्त्यात बसली. साहेबाइनंच मले सांगतलं, मिस्त्रीचा हात लागला आन् गाडी गेली. अशा अमोल गाड्या आता अडान्याच्या हाती नाई द्यायच्या.' मग त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असतानाच आकाशी सदरा उठला आणि दाराबाहेर गेला. त्यांच्याकडे मान वळवून पाहणारे बरेच होते. जेवणात भरीत-भाकरी होती आणि वांगी तिथल्याच काळ्या मातीतली. चव चांगली असणार. मला ती आठवत नाही.

सकाळी सात वाजता लॉजचा नोकर वर आला, कोणी मिस्त्री खाली उभा आहे म्हणून. मी भांडणाच्या तयारीने उतरलो. गवई कालचाच सदरा घालून, बाह्या दुमडून माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. रात्री अमरावतीला न जाता ते स्टँडवर झोपले असावेत.

'किल्ली द्या, सर. टाकीची.'

मी किल्ली दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, मग टाकीखालचं बूच सोडून पहिली धार पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरली. बाटली ओट्यावर ठेवली आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो.

पाच मिनिटांत बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणचट काहीतरी. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नव्हती. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की अल्कोहोल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. पावसाळाभर माझ्या टाकीत हेच चाललं होतं. आदल्या सकाळी नवं पेट्रोल ओतल्याने ते ढवळलं गेलं, मूर्तिजापुरात अर्धा तास गाडी उभी राहिल्यावर पुन्हा तळाशी बसलं, आणि निघाल्यावर इंजिनाने नेमकं तेच ओढलं. ऑक्टेनचा, टायमिंगचा, मिस्त्रींचा कशाचाही संबंध नव्हता.

'मी म्हन्लो व्हतो तुमाले,' गवई म्हणाले. 'तेल बदला म्हून.'

'तेल बदललं होतं हो. इंजिनचं ऑइल मी पुण्यातच...'

'आइलाची गोष्टच कोनं केली, सर? आइल म्हंजे आइल. तेल म्हंजे तेल. हे.' त्यांनी बाटलीवर बोट टेकवलं. 'जूनमंदी भरेल तेल काढून टाका, असं म्हन्लो मी. तुमी म्हन्ले, थेंबन्‌थेंब बदललं.'

पुण्यात तेल म्हणजे गोडं तेल, फार तर इंजिनचं. इथे पंपावर जाणारा प्रत्येक माणूस 'तेल टाकून येतो' असंच म्हणतो. अमरावतीत उतरल्यापासून मी ते दहा वेळा ऐकलं होतं, वहीत गंमत म्हणून टिपूनही ठेवलं होतं. 'पेट्रोल काढायचं म्हणता का?' एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर? पण ज्याला आपण अडाणी मानतो त्याच्याकडून काही समजून घ्यायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, 'माझी चूक झाली, गवई.'

'हो,' ते म्हणाले. पुण्यात कोणीतरी 'असू द्या हो' म्हटलं असतं. त्यांनी म्हटलं नाही.

त्यांनी टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून धुतला, साधं पेट्रोल आणून टाकलं. दुसऱ्यांदा स्टार्टर मारल्यावर इंजिन बोललं. अमरावतीपर्यंत त्यांनीच गाडी चालवली, इंजिन ऐकायचं होतं म्हणून. मी शेजारी बसलो होतो.

वरूड

मी त्याच दुपारी एस.टी. पकडून वरूडला गेलो. मला ते निस्तरायचं होतं. वाटेत संत्र्याच्या बागा लागल्या, झाडांना फळाच्या भाराने बांबूचे टेकू दिलेले. हेच ते मी सोसायटीत सांगतो.

नानासाहेब माल भरायच्या शेडमध्ये होते. बायका संत्री निवडत होत्या, खोके ठोकले जात होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तेल, ऑइल, पाणी, बाटलीतले दोन थर. शेवटी म्हटलं, 'चूक संपूर्ण माझी आहे. गवईंनी मला बजावलं होतं. मी रस्त्यात बोललो ते खोटं होतं.'

नानासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

'सर, तुमी लय मोठ्या मनाचे आहा.'

'अहो, मन नाही. हे खरंच झालंय.'

'समजलं मले. तो तुमच्याकडं येऊन रडला असन. गरिबाच्या पोटावर पाय नको म्हून तुमी आपल्या अंगावर घेऊन राह्यले. हे संस्कार आहेत, सर. आमच्या इकडं पाहाले भेटत नाई.' त्यांनी शेडमधल्या माणसांना हाक मारून माझ्याकडे बोट दाखवलं. 'हे पाहा. ह्याले म्हन्तेत शिकेल मानूस!'

मी आवाज चढवला, बाटलीचं पुन्हा सांगितलं. मी जितकं जास्त सांगावं तितका मी थोर होत गेलो. रस्त्याच्या कडेला रागात टाकलेलं एक वाक्य त्यांनी पडताळून न पाहता घेतलं होतं. आता तेच तोंड खरं बोलत होतं तर त्याला ते दया समजत होते. दोन्ही वेळा त्यांना हवं होतं तेच त्यांनी ऐकलं, आणि पहिल्या वेळी ते त्यांच्या हातात दिलं मी. निघताना त्यांनी जबरदस्तीने संत्र्यांचा खोका दिला. तो मी स्टँडवर ठेवून आलो.

पुन्हा अमरावती

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोभाताईंनी जेवायला वाढलं. न जेवता जायचं नाही ही तिथली रीत त्यांनी माझ्यासाठीही मोडली नाही. तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, आमटी, ज्वारीची भाकरी. मी वरूडची हकिकत सांगितली. शोभाताई भाकरी थापता थापता थांबल्या.

'म्हंजे आता तिकडं हे बी झालं, का मिस्त्री तुमच्यापाशी रडाले आलता?'

मी मान खाली घातली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वरूडला जाऊन त्यांचं उरलंसुरलं नाव घालवून आलो होतो.

गवई बाहेर गाडीपाशी होते. मी जाऊन म्हटलं, 'मी लिहीन. जुन्या गाड्यांवर लिहितो मी, लोक वाचतात. तुमचं नाव घालून सगळं खरंखरं छापतो. नानासाहेबही वाचतील.'

त्यांनी बॉनेट लावलं आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलले.

'नका लिहू, सर. गाडी आता चांगली चालन. पन माह्या हातची आहे म्हून कोनाले सांगू नका. तुमच्या तोंडून माहं नाव दोनदा निंगालं. आता तिसऱ्यानं नको.'

गाडी ट्रकवर चढली तेव्हा ते दुसऱ्या कोणाच्या तरी स्कूटरचा प्लग काढत होते.

पुण्यात आल्यावर गाडी रोज चालवतो. इतकी ती कधी चालली नव्हती. लोक विचारतात कोणाकडून करून घेतली, मी विषय बदलतो. तुमची जुनी गाडी पावसाळाभर उभी असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, साधं पेट्रोल भरा, आकड्याला भुलू नका. हे मला ज्यांनी सांगितलं त्यांच्याबद्दल इथवर वाचलंत, आता उठून अमरावतीत गवई मिस्त्रींना शोधायला जाऊ नका. ते त्यांचं नाव नाही.